माळ पेटवण्याचे दिवस

शिमगा झाला की आठ-दहा दिवसांत माझ्या अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांवर काळे कण येऊन बसतात. हातानं झटकले तर डाग पडतो, म्हणून ते फुंकर मारून उडवायचे असतात. शेजारच्या शांताबाईला हे अजून जमत नाही. ती हातानं पुसायला जाते, नवऱ्याच्या धोतरावर काळी रेघ ओढून ठेवते आणि मग भिंतीवरून मला ओरडते, "बाई, तुमच्या माळानं माझ्या धुण्याचा सत्यानास केला बघा!"

तुमच्या माळानं म्हणे! माळ काही माझ्या वडलांनी मला आंदण दिलेला नाही. गावाचं गायरान आहे ते. पण गेल्या काही वर्षांत माळावर खुट्ट झालं तरी ते माझ्या दारात आणून टाकायची गावाला सवय लागलीय. मीही ती लागू दिली. माझं सासर-माहेर दोन्ही इथलं नाही, शाळेच्या नोकरीनं मला या गावात आणलं, आणि रिटायर झाल्यावर लोक म्हणाले आता हिंगोलीला घर बांधा, तर मी इथंच राहिले. त्याचं अर्धं कारण हा माळ आहे.

जवळा बाजारहून आत वळलं की डांबर संपता संपता आमचं गाव लागतं. खालच्या अंगाला काळी रानं, त्यात सोयाबीन, कापूस, ज्यांच्या विहिरीला पाणी त्यांची हळद. वरच्या अंगाला माळ. तिथं मुरूम, दगड, मधूनमधून पळस आणि बोरी, आणि बाकी सगळं कुसळी गवत. हे गवत ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक. दिवाळीनंतर त्याची कुसळं पिकली की साडीच्या काठात, मोज्यात, शेळीच्या कानात, कुठं म्हणून शिरत नाहीत. माझ्या एका जुन्या स्वेटरात अजून दोन-चार सापडतील, आणि बोटाला टोचली की मी अजूनही कळवळून ओरडते.

याच गवतात पांढरी मुसळी येते. तिच्या मुळ्यांचं औषधवाल्यांना कौतुक असतं, ते राहू द्या. मी फुलाविषयी सांगतेय. ज्येष्ठात माती भिजली की जमिनीलगत लांब लांब पाती पसरतात आणि आषाढात त्यांच्यामधून वीत-दीड वीत दांडा वर येतो. दांड्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं, मधे पिवळे तुरे. वास जवळजवळ नाहीच. सकाळी उमललेली दुपारनंतर मलूल होतात. एकटं फूल बघायला कुणी वाट वाकडी करणार नाही. पण मी नोकरीवर हजर झाले त्या वर्षीच्या आषाढात एस.टी.तून उतरले, वर पाहिलं, आणि मला वाटलं माळावर कुणाचा तरी मेंढवाडा बसलाय. संध्याकाळी चालत वर गेले तर एक मेंढरू नाही, नुसती मुसळी. मी तिथं पाऊल टाकायची थांबले, कारण टाकायला जागा नव्हती.

आणि त्याच वर्षीच्या फाल्गुनात शाळेत वर्ग झाडून घेताना खिडकीतून धूर दिसला. मी पदर खोचून धावतच वर गेले. पाहते तर माळाचा एक लांब पट्टा काळाठिक्कर पडलेला, आणि त्याच्या कडेला हातात पळसाची ओली फांदी घेऊन एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस शांतपणे उभा. ते यासीनमामू. गावची गुरं राखायचं काम त्यांच्याकडं वडलांपासून चालत आलेलं. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "बाई, धुरात नका थांबू. डोळ्याला तकलीफ होती."

मी तेव्हाच मनात ठरवलं की हा रानटीपणा बंद करायचा. आता हसू येतं आणि वाईटही वाटतं. फुलांवर जीव जडला होता माझा, म्हणून ती जाळणाऱ्यावर राग. हिशोब सरळ होता. चुकीचा होता, ते कळायला मला फार वर्षं लागली.

मामू माळ कसा पेटवत, हे मी नंतर पुष्कळदा दुरून पाहिलं. माळाचे त्यांनी तीन पट्टे मानलेले होते. एका वर्षी एकच पट्टा जाळायचा, बाकीचे दोन तसेच सोडायचे. आदल्या दिवशी त्या पट्ट्यात काठी आपटत फिरायचं, म्हणजे ससे, तितर, सरडे सगळे शेजारच्या गवतात निघून जातात. पट्ट्याच्या चारी बाजूंनी फावड्यानं गवत खरवडून दोन हात रुंद उघडी जमीन करायची. टिटवीची अंडी दिसली तर त्याभोवतीही तसंच गोल खरवडायचं. सकाळी ऊन चढायच्या आत, वारा मंद असताना, वाऱ्याच्या उलट्या अंगानं काडी लावायची. मग आग पळत नाही, गुडघ्याएवढी राहते आणि रमतगमत मागं सरकते. दुपारपर्यंत सगळं विझलेलं असे आणि मामू बोरीखाली बसून भाकरी खात.

पुढं काही वर्षांनी पर्यावरणाच्या प्रशिक्षणाला मला तालुक्याला पाठवलं. तिथं वणव्याची चित्रं दाखवली, जळालेल्या पिलांची चित्रं दाखवली. मी परत आले ती पेटूनच. दुसऱ्या दिवसापासून परिपाठात प्रतिज्ञेनंतर आणखी एक प्रतिज्ञा सुरू केली: मी माझ्या गावचा माळ जाळणार नाही आणि जाळू देणार नाही. साठ-सत्तर लेकरं रोज सकाळी बेंबीच्या देठापासून हे ओरडत आणि घरी जाऊन आई-बापाला ऐकवत. माळाच्या तोंडाशी मी ऑइलपेंटनं फलक रंगवून लावला. "गवत जाळू नये. जाळणाऱ्याची गय केली जाणार नाही." दुसरं वाक्य माझं स्वतःचं. खाली मुसळीचं फूल काढलं, ते मात्र छान जमलं होतं. ग्रामपंचायतीनं ठराव घेतला. मास्तरीण बाईच्या शब्दाला गावात तेव्हा वजन होतं.

मामू शाळेत आले. आत येईनात, पायरीवर बसले.

"बाई, एक सांगू का? राग नका करू."

"बोला ना मामू."

"हे गवत कुजत न्हाई. वाळून खाली पडतं, त्याच्यावर पुन्हा पडतं. दोन-तीन साल गेले की त्याची गादी होती बघा. मुसळी हाय भुईला धरून. तिला ऊन कुठून लागंल? ती खालीच पिवळी पडून जाती."

"पण मामू, आग म्हणजे आग. त्यात किडा-मुंगी मरते का नाही?"

"मरती. झूट कशाला बोलू? म्हणून तर एकच पट्टा. दोन पट्टे जित्राबाला मोकळे ठिवतो." मग म्हणाले, "आन् मुसळी झोपल्यावरच जाळावं लागतं. शिमग्याला ती जमिनीत झोपलेली ऱ्हाती, वरून आग गेली तरी तिला पत्ता लागत न्हाई. जागी झाल्यावर जाळलं तं खल्लास."

मी काय केलं? घड्याळ पाहिलं आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा द्यायला उठले. मामू उठून धोतर झटकत निघून गेले. मला त्या वेळी वाटलं होतं की मी वादात जिंकले.

पहिल्या वर्षी कमरेएवढं गवत झालं. वाऱ्यावर हलायचं तेव्हा काय दिसायचं! मी मुलांना घेऊन वर जाई आणि म्हणे, बघा, राखलं की असं होतं. दुसऱ्या आषाढात मुसळी थोडी कमी वाटली. मी म्हटलं, यंदा पाऊस उशिरा आला. तिसऱ्या आषाढात ती फक्त पायवाटेच्या दोन्ही कडांना आली, जिथं गुरांच्या पायांनी गवत तुडवलं होतं तिथं. आत गवत बाजूला सारून पाहिलं तर खाली जुन्या गवताची पिवळी गादी, हातानं उचलली तर चटईसारखी उचलली गेली. त्याखाली मुसळीची फिकट, दोऱ्यासारखी बारीक झालेली पानं. दांडा एकालाही नाही. माळावरची सगळ्यात ठसठशीत मुसळी त्या वर्षी माझ्या फलकावर होती. तरी माझं तोंड बंद. चूक झाली असं कुणाला म्हणायचं? साठ-सत्तर लेकरांना?

मग तो उन्हाळा आला. मला दरवर्षी या दिवसांत आठवतो तो तोच.

वैशाखाची अखेर होती. वळवाचे दोन सडाके येऊन गेले होते आणि मातीतून मुसळीचे कोंब बोटभर वर आले होते. बाजाराचा दिवस म्हणून मी जवळा बाजारला गेले, लोणच्याच्या कैऱ्या घ्यायच्या होत्या. परतीच्या ऑटोत आमच्या गावचे आम्ही दोघंच, मी आणि मामू. त्यांनी म्हशीसाठी दावी घेतली होती. माझ्या मांडीवर एक पिशवी होतीच, म्हणून कैऱ्यांची पिशवी मामूंनी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी धरून ठेवली. प्रतिज्ञा सुरू झाल्यापासून आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो. त्या दिवशीही कैऱ्या यंदा आंबट आहेत एवढंच बोललो.

गावाचं वळण आलं आणि समोर धूर. साधा धूर नव्हता. तीन वर्षांचं गवत, तिन्ही पट्टे एकदम. दुपारचा वारा. ज्वाळा पळसाच्या शेंड्यावरून जात होत्या आणि त्यांचा आवाज ऑटोच्या आवाजाच्या वर येत होता. मामूंनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "या अल्ला, मुसळी जागी हाय."

दुसरं काहीच नाही. गुरं नाही, गवत नाही. पहिलं तेच.

कुणी बांधावरची धसकटं पेटवली होती, का कुणाची बिडी पडली, आजपर्यंत कळलं नाही. संध्याकाळपर्यंत माळ गेला, पळस गेले, टिटव्या रात्र पडेपर्यंत ओरडत फिरत होत्या. आग खालच्या रानाला लागली आणि दोघांच्या कडब्याच्या गंजी जळाल्या. म्हणजे त्यांच्या बैलांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा. तिथून सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गाव जमला. ज्यांच्या गंजी गेल्या ते तोंड सोडून बोलत होते आणि त्यांचा राग चूक म्हणता येत नव्हता. कुणीतरी म्हणालं, "माळ पेटवायची खोड कोणाला हाय, हे काय सांगायला पायजे का?" दुसरा म्हणाला, "बाई बोंबलून बोंबलून सांगून राहिल्या होत्या, गवत जाळू नका. ऐकलं का कोणी?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मान डोलावली. मग सगळ्यांनी मामूंकडं पाहिलं.

मामूंनी कुणाकडंच पाहिलं नाही. फक्त एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि वाट पाहिली.

मला बोलायचं होतं एवढंच, की आग लागली तेव्हा हा माणूस माझ्या शेजारी ऑटोत बसला होता. एक वाक्य. मी ते बोलले नाही. का? कितीदा तरी विचार केलाय. तीन वर्षं मुसळी जात होती आणि मी गप्प होते, माझं चुकलंय हे मला आतून माहीत होतं. आणि त्या सकाळी सगळा गाव म्हणत होता की बाईच बरोबर होत्या. ते ऐकायला गोड लागलं. बस, इतकंच. दुसरं कारण शोधून सापडत नाही. लाज वाटते, पण आहे ते आहे.

मामूंनी वाट पाहिली, मग चपला घातल्या आणि गेले. त्यांनी स्वतःही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गावची गुरं वेशीत जमली आणि हंबरत उभी राहिली. नेणारं कुणी आलं नाही. तासाभरानं ज्यानं त्यानं आपापली घरी नेली. त्या दिवसापासून मामूंनी माळाकडं पाठ फिरवली ती फिरवलीच.

त्या आषाढात मी एकटी सबंध माळ फिरले. दांडे मोजले तर अकरा. सगळे दगडांच्या आडोशाला. बाकी ठिकाणी काडीनं उकरून पाहिलं, तर मुळ्या सुरकुतलेल्या, दाबल्या की आतून पोकळ. मी तिथंच मुरमात बसून रडले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर उन्हात, कुसळं टोचत असताना. कुणी पाहिलं नाही ते बरं झालं.

श्रावणात मी मामूंच्या घरी गेले. ते ओसरीत अंबाडीचा दोर वळत बसले होते. हमीदामामींनी चहा केला. मी चहा तसाच हातात धरून सगळं बोलून टाकलं. पारावरचं, ऑटोतलं, फलकावरचं, अकरा दांड्यांचं. म्हटलं, "मामू, मला माफ करा."

मामूंच्या हातातला दोर थांबला नाही. "मला कशाला माफी मागून राहिल्या बाई? मला तं माहीतच हाय मी कुठं होतो. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा."

मामी मधेच म्हणाल्या, "जाऊ द्या ना जी, बाई घरी चालून आल्या."

"चालून आल्या, बराबर हाय. मी काही बोललो का?" मग मला विचारलं, "अकरा म्हणल्या न? पानं कशी होती? रुंद का बारीक?"

मी म्हटलं, बारीक. त्यांनी दोराचा पीळ घट्ट केला. मग म्हणाले, "कोंब काढायला तिनं साठवलेलं सगळं खर्ची घातलं होतं. त्याच्यावर आग आली. पुन्हा कोंब काढायचा तं जीव कुठून आणावा तिनं? पण ज्या उशिरा उठणाऱ्या होत्या, त्या असतील खाली. गवत पुन्हा माजलं तं मात्र त्या बी जातील."

तेव्हा मला कळलं की मुसळी वाचवायची तर हा माणूस माळावर परत यायला हवा. दुसऱ्या कुणाला ते जमणार नव्हतं. आणि तो परत यायचा तर माझं तोंड उघडायला हवं.

पुढच्या ग्रामसभेत मी उठून बोलले. कितीदा वर्गात लेकरांना म्हटलं असेल, उभं राहून मोठ्यानं सांग. स्वतःवर आलं तेव्हा पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. ज्यांच्या गंजी जळाल्या त्यांच्यातला एक जण म्हणाला, "बाई, आता झालं ते झालं. काहून उकरून काढता?" दुसरा म्हणाला, "मग तवाच काहून न्हाई बोलल्या?" मी म्हटलं, "भ्याले. चुकलं माझं." सभा पुढं नळाच्या विषयावर गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कुणी मामूंच्या घरी गेलं नाही. पण ठराव फिरवला गेला, गायरान पट्ट्या-पट्ट्यानं, ग्रामपंचायतीच्या परवानगीनं जाळता येईल असा. फलक मी स्वतः उपटून आणला. तो आता शांताबाईच्या न्हाणीला आडोसा म्हणून उभा आहे.

मामू यायला तयार झाले, पण एक अट घालून. "सांगतो मी सगळं. कुठून लावायची, कधी, किती. पण काडी तुमी ओढायची, बाई. सगळ्या गावासमोर. पुन्हा काही झालं तं गावानं यासीनकडं बघू नये."

तो एक फाल्गुन गेला तयारीत आणि भांडणात, माणसं मिळेनात. पुढच्या फाल्गुनात मात्र आम्ही वर गेलो. मामूंनी मुठीत गवत चुरगाळून पाहिलं. काठीनं एक मुसळी उकरली, तिच्या शेंड्यावर पांढरा कोंब फुटलेला नाही हे मला दाखवलं आणि पुन्हा मातीत बसवून वरून पायानं दाबली. "गाढ झोपून राहिली," म्हणाले. मी काडी ओढली. पहिली मोडली, दुसरी विझली, तिसरी पेटली. आयुष्यभर चुली पेटवल्या, पण तीन काड्या कधी लागल्या नव्हत्या. आग गुडघ्याएवढी उठली आणि मागं मागं सरकत गेली. जळलेल्या गवताचा वास आधी कडवट येतो, मग त्यात भाजलेल्या मातीचा वास मिसळतो. संध्याकाळी अंघोळ केली तरी केसांतून जात नाही. मला तो आता आवडतो, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या आषाढात त्या पट्ट्यात मुसळीचे दांडे आले ते दाट नव्हते, पण मोजायचं मी अर्ध्यात सोडून दिलं एवढे नक्की होते. पुढच्या वर्षी दुसरा पट्टा जाळला. पहिल्या पट्ट्यात तेव्हा जुन्या पानांच्या भोवती नवी बारीक रोपं उगवलेली दिसली, म्हणजे बी पडून रुजलं होतं. मामूंच्या एका डोळ्यात आता मोतीबिंदू आहे. ते वाकून बोटांनी पानं चाचपत आणि म्हणत, "ही रुंद हाय. ही बी रुंद." शाळेतली पोरं अजून माळावर येतात, फक्त प्रतिज्ञा म्हणत नाहीत. जाळू नका, हे पाठ करून घ्यायला सोपं होतं. कधी, किती, कोणत्या वाऱ्याला, हे पाठ होत नाही. त्याला माळावर उभं राहावं लागतं. माझ्यासारख्या बाईला, जिनं उभा जन्म पाठांतर घेण्यात घालवला, हे कळायला मामूंचं नाव जाळावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

यंदा तिसरा पट्टा होता. गेल्या आठवड्यात तो जाळला. माणसं आता आपणहून येतात. तीस-चाळीस जण होते, बायका ओल्या फांद्या घेऊन, सरपंच फावडं घेऊन, माझे जुने विद्यार्थी आता मिशा फुटलेले. काडी मीच ओढली. सगळं नीट चाललं होतं. अर्धा पट्टा झाला असेल, तेवढ्यात खालच्या रस्त्यानं तालुक्याकडं चाललेली एक सरकारी गाडी धूर बघून थांबली. त्यातून एक तरुण साहेब उतरले आणि ढेकळं तुडवत वर आले. घामाघूम झाले होते, चिडले होते.

"आग कोणी लावली ही?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सरपंचाची, फांदी धरलेल्या बायकांची, माझ्या मिशीवाल्या विद्यार्थ्यांची. सगळ्या मामूंकडं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सवय. मला असा राग आला म्हणून सांगू! एवढ्या वर्षांनी, एवढं सगळं होऊन, पुन्हा हेच? आणि मग माझ्या लक्षात आलं की मामूंच्या कपाळावरच्या घामाचा थेंब मला स्पष्ट दिसतोय. म्हणजे मीही त्यांच्याकडंच पाहत होते. काड्यांची पेटी माझ्या मुठीत होती आणि मान माझीही वळली होती.

मामू काठी टेकत पुढं यायला निघालेच होते. जणू बोलावणं त्यांनाच आलंय.

"मी लावली," मी ओरडले. शाळेत मैदानाच्या टोकापर्यंत जायचा तो आवाज अजून शिल्लक आहे. "मी लावली साहेब. ही पेटी. ग्रामपंचायतीची परवानगी सरपंचांकडं आहे, बघून घ्या. आणि माझं नाव लिहा."

साहेबांना पटेना. "आजी, तुम्ही कशाला…"

"आजी नाही, बाई म्हणतात मला. लिहा."

त्यांनी परवानगीचा कागद वाचला, पुन्हा वाचला, आवाज खाली आला. तरी नोंद करावी लागेल म्हणाले, वही काढली आणि माझं नाव लिहून घेतलं. वही मिटणार तेवढ्यात मामू म्हणाले, "साहेब, एकट्या बाईचं नका लिहू. बाईला काडी ओढता येती, माळ जाळता येत न्हाई. ते काम माझं हाय. माझं बी नाव लिहा."

"बोला."

मामूंनी काठी बगलेत धरली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "शेख यासीन वल्द शेख इमाम."

साहेबांनी लिहिलं. "काम काय करता?"

"माळ राखतो," मामू म्हणाले.